न आवडलेल्या पुस्तकाची बाजू

पत्र थोडक्यात असं आहे :

"मी देव मानते. रोजची प्रार्थना चुकवत नाही. वाचनाचं वेडही लहानपणापासूनचं. आमचा एक छोटा वाचनगट आहे. दर महिन्याला एकीनं पुस्तक निवडायचं, सगळ्यांनी वाचायचं आणि एकत्र बसून बोलायचं. गेल्या वेळच्या कादंबरीत एका आईचा मुलगा अपघातानंतर बेशुद्ध असतो. डॉक्टरांनी हात टेकलेले असतात. आई प्रार्थना करत राहते आणि शेवटच्या प्रकरणात मुलगा डोळे उघडतो. गटातली माझी सर्वांत जवळची मैत्रीण नास्तिक आहे. ती म्हणाली, 'शेवटी देवच धावून येणार होता तर आधीची तीनशे पानं कशाला लिहिली?' आणि पुढे म्हणाली, 'श्रद्धाळू माणसांना असलं काहीही चालतं.' मला ते झोंबलं. मी त्या कादंबरीची बाजू घेऊन तावातावानं भांडले. खरं सांगायचं तर तो शेवट मलाही आवडला नव्हता. माझा धाकटा भाऊ आजारी होता तेव्हा मीही रात्र रात्र प्रार्थना केली होती. तो वाचला नाही. या कादंबरीच्या आधीच्या महिन्यात आम्ही जी कादंबरी वाचली तिच्यात देव मानणारा प्रत्येक माणूस एक तर लबाड होता, नाही तर मूर्ख. मैत्रिणीनं तिचं धाडसी म्हणून कौतुक केलं. मी गप्प बसले. आता पुस्तक निवडायची पाळी माझी आहे. मी फार हळवी आहे का? वाचताना श्रद्धा बाजूला ठेवायला शिकायला हवं का? कुणालाच टोचणार नाही असं पुस्तक निवडून मोकळी होऊ, की गटच सोडू?"

ताई,

त्या कादंबरीबद्दल तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मला पटतं. तुमच्याबद्दलचं अजिबात पटत नाही. ती एका दमात दोन वाक्यं बोलली, एक पुस्तकाबद्दल आणि एक माणसांबद्दल. तुम्हाला लागलं ते दुसरं, पण तुम्ही खोडायला गेलात पहिलं. म्हणून त्या दिवशी तुमच्यावर स्वतःला न आवडलेल्या पुस्तकाची वकिली करायची वेळ आली. असं खूप जणांचं होतं. आपल्या माणसांना कुणी नावं ठेवली की आपण त्यांच्या बाजूनं उभे राहतो, आणि मग हातात जे काही असेल ते ढालीसारखं पुढे करतो. त्यात काही चूक नाही. पण त्यामुळे जे तुम्हीच सांगू शकत होतात, ते सांगायचं राहून गेलं.

तो शेवट तुम्हाला का आवडला नाही? पत्रात त्याच्या लगेच पुढचं वाक्य भावाबद्दलचं आहे. दोन्हींचा संबंध तुम्ही जोडून दाखवलेला नाही, पण तो मला दिसतो. प्रार्थना केली आणि मूल वाचलं, असं जेव्हा लेखक लिहितो तेव्हा नास्तिक वाचक फार तर कंटाळतो. त्याचं काही जात नाही. ज्यानं खरोखर रात्र रात्र प्रार्थना केली आणि तरी माणूस गमावलं, त्या वाचकाला मात्र त्या पानावर एक भयंकर प्रश्न विचारला जातो : मग तुझं कुठे कमी पडलं? लेखकाच्या मनात तसं काही नसेलही. त्याला बहुधा दिलासाच द्यायचा असेल. पण त्या आईची प्रार्थना फळली असं दाखवताना फळ न आलेल्या सगळ्या प्रार्थना त्यानं नकळत उण्या ठरवल्या. तुमची श्रद्धा भावाच्या मृत्यूनंतरही टिकली आहे. म्हणजे प्रार्थना हा सौदा नव्हे, हे तुम्ही त्या लेखकापेक्षा अधिक जाणता. तो शेवट तुम्हाला खोटा वाटला तो श्रद्धा कमी असल्यामुळे नाही. तुम्हाला श्रद्धा आतून माहीत आहे, म्हणून तो खोटा वाटला.

माझ्या मते कथा-कादंबऱ्यांतल्या श्रद्धेबद्दलची बरीचशी नाराजी इथूनच येते, आणि ती दोन्ही बाजूंच्या वाचकांची असते. पात्रानं देव मानला म्हणून फार थोडे वाचक चिडतात. लेखक देवाच्या वतीनं निकाल द्यायला बसला की मात्र सगळेच चिडतात. पात्राची श्रद्धा पात्राची असते. तिची किंमत त्यालाच मोजावी लागते, कधी नात्यांत, कधी पश्चात्तापात, कधी नुसत्या न मिळालेल्या उत्तरात. तोवर नास्तिक वाचकही त्याच्यासोबत चालतो. पण कथानकाची गाठ सुटेना म्हणून लेखकानं देवाला कामाला लावलं, की वाचकाला आपण फसवले गेलो असं वाटतं. उलट बाजूनंही तेच. देव नाही हे सिद्ध करायला लेखकानं सगळे भाविक लबाड केले, तर तोही निकालच झाला. फक्त दुसऱ्या बाजूचा.

हे एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत पाहायला मिळतं. रशियन लेखक टॉलस्टॉयची 'ॲना करेनिना' 1877 साली पूर्ण झाली. तिच्या शेवटच्या भागात लेव्हिन नावाचा जमीनदार आत्महत्येच्या विचारांपर्यंत पोचलेला असतो. जगायचं कशासाठी, हे त्याला कळत नसतं. एक साधा शेतकरी बोलता बोलता दुसऱ्या एका म्हाताऱ्याबद्दल म्हणून जातो की तो आत्म्यासाठी जगतो, देवाला विसरत नाही. त्या एका वाक्यानं लेव्हिनच्या मनात लख्ख उजेड पडतो. आता आपण कुणाशी भांडणार नाही, बायकोशी प्रेमानं वागू, गाडीवान इव्हानशीही नीट बोलू, असं तो ठरवतो. गाडीचे लगाम त्याच्याच हातात असतात. इतक्यात शेजारी बसलेला इव्हान म्हणतो, जरा उजवीकडे घ्या, इथे झाडाचा बुंधा आहे, आणि लगामाला हात लावतो. लेव्हिन त्याच्यावर खेकसतो : हात लावू नकोस, मला शिकवू नकोस! उजेड पडून फार वेळ झालेला नसतो. आणि लगेच त्याला खिन्नपणे कळतं की मनाच्या या नव्या अवस्थेनं आपण चुटकीसरशी बदलू ही आपली समजूत चुकीची होती. कादंबरीच्या अगदी शेवटच्या परिच्छेदातही तो हेच स्वतःशी कबूल करतो : मी गाडीवानावर असाच चिडेन, असाच वाद घालेन, प्रार्थना का करतो ते बुद्धीला कळणार नाही, आणि तरी प्रार्थना करेन.

तो खेकसण्याचा प्रसंग काढून टाका. मग उरतं प्रवचन. तो प्रसंग आहे म्हणून लेव्हिनची श्रद्धा माणसाची वाटते.

आता त्याच टॉलस्टॉयची 1899 ची 'रिसरेक्शन' घ्या. ज्या तरुणीला एकेकाळी नादी लावून सोडून दिलं, तिच्याच खटल्यात ज्यूरी म्हणून बसायची वेळ नायकावर येते. तिला सक्तमजुरी होते आणि तो तिच्या मागे सैबेरियापर्यंत जातो. तुरुंग, कैदी, न्यायाची यंत्रणा, सगळं अंगावर येणारं. आणि शेवटी नायक एका रात्री बायबल उघडतो, त्यातलं मॅथ्यूचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा भाग, वाचतो आणि त्याला सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिथे सापडतं. रशियन कथाकार चेखवनं 1900 च्या जानेवारीत एका पत्रकाराला लिहिलेल्या पत्रात या शेवटाबद्दल तक्रार केली आहे. त्याचं म्हणणं असं की या कादंबरीला शेवटच नाही. एवढं सगळं लिहायचं आणि मग ते धर्मग्रंथातल्या एका उताऱ्यावर आणून सोडवायचं, हे मनमानी आहे. बायबलच का, कुराण का नाही? आधी वाचकाला त्या ग्रंथावर विश्वास ठेवायला लावा, मग त्यातल्या वचनानं प्रश्न सोडवा.

तुमच्या मैत्रिणीचं 'तीनशे पानं कशाला' हे त्याच जातीचं आहे. चेखव स्वतः आस्तिक नव्हता, आणि ते तो त्याच पत्रात सांगतो. पण त्याच पत्रात तो असंही लिहितो की टॉलस्टॉयइतकं प्रेम आपण दुसऱ्या कुणावर केलेलं नाही, आणि सगळ्या श्रद्धांमध्ये टॉलस्टॉयची श्रद्धा आपल्याला सर्वांत जवळची वाटते. शेवट फसला हे स्पष्ट सांगितलं आणि माणसाला उणं लेखलं नाही. तुमच्या गटात त्या दिवशी नेमकं हेच व्हायला हवं होतं. पुस्तकाची चिरफाड करायचा हक्क मैत्रिणीला पूर्ण आहे. तिनं तिथेच थांबायला हवं होतं.

आता दुसऱ्या कादंबरीकडे वळू, जिच्यात सगळे भाविक लबाड किंवा मूर्ख होते. इथे मी तुमच्या बाजूनं आहे, पण सगळी नाही. धर्माच्या नावानं माणसं लुबाडली जातात, बायकांना कोंडलं जातं, माणसाला माणसापासून दूर ठेवलं जातं. हे साहित्यानं लिहायलाच हवं, आणि भाविकांनी वाचायलाच हवं. ते वाचून टोचलं तर टोचू द्यावं. काही वेळा टोचतं ते खरं असतं म्हणूनच. तेव्हा आधी स्वतःला विचारून पाहा : मला लागलं ते त्या पुस्तकानं माझ्या माणसांचा एखादा खरा दोष दाखवला म्हणून, की त्यानं माझ्या माणसांना माणूसच ठेवलं नाही म्हणून? पहिलं असेल तर पुस्तकावर रागावू नका. दुसरं असेल तर तुमची तक्रार वाजवी आहे, आणि ती साहित्याच्याच भाषेत मांडता येते.

ती मांडायला मदत होईल अशी एक खूण सांगते. पुस्तकातलं प्रार्थनेचं एखादं दृश्य उघडा आणि बघा, लेखकाला त्या माणसाच्या आत शिरता आलंय का. प्रार्थना करणाऱ्याचं मन भरकटतं, हे तुम्हाला माहीत आहे. ओठ ठरलेले शब्द म्हणत असतात आणि मनात सकाळी कुणाला तरी तोडून बोललेलं घोळत असतं. गुडघा दुखत असतो. मध्येच आपण किती ओळी म्हटल्या ते विसरायला होतं, पुन्हा सुरुवात करावी लागते, स्वतःची लाज वाटते. आणि कधी तरी, काही कारण नसताना, एकाच शब्दापाशी गळा दाटून येतो. ज्या लेखकानं हे पाहिलंय तो आस्तिक असो की नास्तिक, त्याच्या पानावर माणूस दिसतो. ज्यानं पाहिलेलं नाही तो दोनच चित्रं काढतो : मिटलेल्या डोळ्यांतून ओघळणारे पवित्र अश्रू, नाही तर एका डोळ्यानं दानपेटीकडे बघणारा भोंदू. दोन्ही चित्रं आळशीपणाची आहेत. तुमची चमत्कारवाली कादंबरी आणि मैत्रिणीची धाडसी कादंबरी या बाबतीत सख्ख्या बहिणी वाटतात मला.

भाविकांना दुखावणारं पण खरं असं लेखन कसं असतं, याचं उदाहरण म्हणून यू. आर. अनंतमूर्तींची 1965 ची 'संस्कार' ही कन्नड कादंबरी घ्या. एका अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या वस्तीत, धर्म झुगारून जगलेला एक ब्राह्मण मरतो आणि त्याचे अंत्यसंस्कार कुणी करायचे, हा पेच पडतो. प्रेत घरात पडून, आणि शेजारीपाजारी हटून बसलेले. त्यांच्यातल्या काहींचा लोभ आणि हलकेपणा लेखक मुळीच झाकत नाही. पण ज्याच्याकडे सगळे उत्तर मागतात तो प्राणेशाचार्य ढोंगी नाही. तो विद्वान आहे, सज्जन आहे, आणि त्याची श्रद्धा खरी आहे. तो पोथ्या धुंडाळतो, उत्तर मिळत नाही. मग मारुतीच्या देवळात जाऊन कौल मागतो. तासन्‌तास थांबतो. कौल मिळत नाही. देवाच्या त्या गप्प राहण्यानं त्याचं आयुष्य उलटंपालटं होतं. धर्मव्यवस्थेवर इतका कठोर प्रहार करणारं पुस्तक श्रद्धेला एकदाही क्षुल्लक समजत नाही. वाचून तुम्हालाही टोचेल आणि मैत्रिणीलाही, पण वेगवेगळ्या ठिकाणी.

तुमच्या मैत्रिणीच्या चिडण्याबद्दलही थोडं बोलायला हवं. नास्तिक वाचकाला कादंबरीतल्या श्रद्धेची धास्ती का वाटते? गोष्टीच्या मिषानं उपदेश गळी उतरवायची खोड फार जुनी आहे. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी, बाबा पदमनजींची 1857 ची 'यमुनापर्यटन', हीच मुळात धर्माच्या तळमळीतून लिहिलेली. पदमनजी तीनच वर्षं आधी ख्रिस्ती झाले होते. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात, वाटेत विधवांच्या हालअपेष्टा पाहतात. पुढे नवरा वारतो. यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. आज ते पुस्तक उघडलं तर उपदेशाची पानं आपण भरभर उलटतो, आणि विधवांच्या कहाण्यांपाशी थबकतो. लेखकाचा राग आणि कळवळा तिथे खरा आहे. तो कळवळाही त्याच्या श्रद्धेतूनच आलेला होता, हे विसरता येत नाही. म्हणजे श्रद्धेनं लिहिलेलं सगळंच प्रचारकी, असंही म्हणता येत नाही. तरी अशी पानं वाचकाला पुन्हा पुन्हा वाढली गेली तर तो सावध होणारच. शिवाय अनेकांवर लहानपणी धर्म लादलेला असतो, प्रश्न विचारल्याबद्दल मार बसलेला असतो. तुमच्या मैत्रिणीचं तसं काही आहे का, मला ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे का? इतक्या जवळच्या मैत्रिणी, आणि ती देव का मानत नाही हे तुम्ही तिला कधी नीट विचारलं नसेल, असं पत्रावरून वाटतं. तिनंही तुम्ही का मानता हे विचारलेलं दिसत नाही.

वाचताना श्रद्धा बाजूला ठेवायची का, असं तुम्ही विचारता. नका ठेवू. ठेवता येणारही नाही. मैत्रीण तिची नास्तिकता दाराबाहेर काढून ठेवते का? ती तिच्यासकट वाचते, तुम्हीही तुमच्यासकट वाचा. फक्त एक करा : पुस्तक आपल्या बाजूचं आहे की नाही, हे मोजायचं सोडून द्या. ते मोजत वाचलं की पात्रं दिसेनाशी होतात, नुसते झेंडे दिसतात. रशियन कादंबरीकार दस्तयेवस्की कट्टर आस्तिक होता. 'ब्रदर्स करमाझोव्ह'मध्ये त्यानं ईव्हानच्या तोंडी देवाविरुद्धचा जो दावा घातला आहे, त्याहून जबर दावा मी तरी कुठे वाचलेला नाही. निष्पाप मुलांचे हाल पाहिल्यावर, त्यांच्या अश्रूंवर उभी राहणारी कुठलीही दैवी सुसंगती आपल्याला नको, असं ईव्हान म्हणतो. त्याला आपण देणार आहोत ते उत्तर पुरेसं पडेल का, याची धास्ती दस्तयेवस्कीनं 1879 च्या ऑगस्टमधल्या एका पत्रात बोलून दाखवली आहे. आणि कादंबरीत ईव्हानचं बोलणं संपल्यावर त्याचा धाकटा भाऊ, मठात राहणारा अल्योशा, काय करतो? प्रतिवाद करत नाही. उठून भावाचं चुंबन घेतो. आस्तिक लेखकानं समोरच्या बाजूला आपलं सर्वोत्तम बळ दिलं, म्हणून दोन्ही बाजूंचे वाचक ते पान अजून वाचतात. तुमच्या मैत्रिणीनं ते वाचलं नसेल तर तिला द्या. पण बैठकीसाठी नको, ते फार मोठं प्रकरण आहे.

एक मुभाही घ्या. एखादं पुस्तक सहन होत नसेल तर अर्ध्यात ठेवून द्यायचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्यासाठी कुणाला कारणं द्यावी लागत नाहीत. दुसऱ्यानं ते वाचू नये, अशी मागणी मात्र करू नका. तुम्ही ती केलेली नाही, हे मला फार आवडलं. भाविकांच्या संस्थांना हे नेहमी जमलेलं नाही. ग्रॅहम ग्रीन हा कॅथलिक लेखक. दारुडा आणि घाबरट तरीही आपलं काम न सोडणारा पाद्री त्यानं 1940 च्या 'द पॉवर अँड द ग्लोरी'मध्ये रंगवला, तेव्हा पुढे व्हॅटिकनच्या धर्मविभागानंच त्या कादंबरीवर आक्षेप घेतला. आज श्रद्धेवरच्या उत्तम कादंबऱ्यांत तिचं नाव घेतलं जातं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

बैठकीच्या आधी मैत्रिणीला एकटीला भेटा. फोनवर किंवा निरोपात हे बोलू नका, आणि गटासमोर तर नकोच. तिला दोन गोष्टी सांगा. पहिली : तो शेवट मलाही पटला नव्हता, तुझं बरोबर होतं. दुसरी : पण 'श्रद्धाळू माणसांना काहीही चालतं' हे तू माझ्यासमोर बोललीस, ते मला लागलं. क्रम हाच ठेवा. पहिलं वाक्य ऐकल्यावर दुसरं ऐकून घेणं तिला सोपं जाईल. भावाचा विषय काढायचा की नाही, हे तुमच्या मनावर आहे. तो शेवट का पटला नाही, ते त्याच्यावाचून पुरतं सांगता येणार नाही, हे खरं. पण तुमचं दुःख हा वादातला पुरावा नाही, आणि तो कुणी मागूही नये. बोलावंसं वाटलं तर बोला. नाही तर 'मला कारण आहे' एवढं पुरे.

गट सोडायची घाई नको. तिला सांगून झालं, आणि तरी ती दर बैठकीला तुमच्या श्रद्धेवरून टोमणे मारत राहिली, तर खुशाल सोडा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पुस्तकावर बोलायला जमलेल्या माणसांनी एकमेकांना खाली दाखवायचं नसतं. पण अजून तुम्ही तिला काही सांगितलेलंच नाही. ती चूक सुधारायची संधी तिला मिळायला हवी.

आणि कुणालाच टोचणार नाही असं पुस्तक मुळीच निवडू नका. तुमची पाळी आली आहे ती श्रद्धेवरचं चांगलं लेखन कसं असतं, हे गटाला दाखवायची. तुमच्याइतकं ते दुसरं कुणी दाखवू शकणार नाही. पण कादंबरी न घेता एक छोटी कथा घ्या : चेखवची 1894 ची 'विद्यार्थी'. चार-पाच पानांची आहे, बैठकीतच मोठ्यानं वाचून होईल. धर्मशिक्षण घेणारा एक तरुण गुड फ्रायडेच्या संध्याकाळी गारठ्यात घरी निघालेला असतो. उपाशी, उदास. दारिद्र्य, अज्ञान, हा बोचरा वारा, हे हजार वर्षांपूर्वीही असंच होतं आणि पुढेही असंच राहणार, असं त्याला वाटत असतं. वाटेत दोन विधवा, आई आणि मुलगी, शेकोटीपाशी दिसतात. मुलगी भांडी घासत असते. तो हात शेकायला थांबतो आणि सहज म्हणतो, की अशाच थंडीच्या रात्री येशूचा शिष्य पीटरही शेकोटीपाशी हात शेकत उभा होता. मग येशूला आपण ओळखत नाही, असं पीटरनं तीनदा कसं सांगितलं आणि नंतर तो कसा रडला, ती गोष्ट तो त्यांना सांगतो. म्हातारी हसत हसत ऐकत असते, ती एकदम हुंदका देते आणि अश्रूंची लाज वाटल्यासारखा चेहरा बाहीआड करते. मुलगी, जिला नवऱ्यानं मारून मारून अबोल करून टाकलेली, ती लाल होते आणि एखादी कळ दाबून धरावी तशी बघत राहते. विद्यार्थी पुढे निघतो, आणि त्या रडण्याचा विचार करता करता त्याचं मन आनंदानं भरून जातं.

देव येत नाही. चमत्कार होत नाही. त्या बायकांचं दारिद्र्य तसंच राहतं. म्हातारी का रडली हेही चेखव ठामपणे सांगत नाही. जे काही सुचतं ते विद्यार्थ्याला सुचतं, आणि तो अवघा बावीस वर्षांचा आहे याची आठवण लेखक अगदी शेवटी करून देतो. हे सगळं एका श्रद्धा नसलेल्या माणसानं लिहिलेलं. त्याच्या स्वतःच्या कथांत ही त्याची फार लाडकी होती, असं त्याच्या जवळच्या माणसांनी लिहून ठेवलं आहे.

वाचून झाल्यावर देव आहे की नाही, या वादात शिरू नका. कुणी ओढलं तरी कथेकडे परत आणा. प्रत्येकीला एकच विचारा : म्हातारी का रडली असेल? मैत्रिणीला सर्वांत आधी बोलू द्या. ती जे सांगेल ते मध्ये न तोडता ऐका, मग तुमचं सांगा. दोन उत्तरं वेगळी निघतील, आणि कथा दोन्हींना जागा देते. 'संस्कार' घ्यावी असं वाटलं तर ती पुढच्या पाळीसाठी ठेवा, आणि तेव्हा एका बैठकीत उरकू नका. दोन मागून घ्या.